सुरगाठ : पाण्यावरच्या दोरीचा शोध

गेल्या पावसाळ्यात कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझहून माझ्या भाचीचा फोन आला. पोटरीला सात टाके पडले होते. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, इकडे नागपुरात रडकुंडीला आली होती. भाची मात्र हसत होती. म्हणाली, “मामा, तुम्ही दोऱ्यांवर काहीतरी लिहिता ना? मग सांगा, मी कुठली लीश घेऊ?”

लीश म्हणजे लाटेवर स्वार होणाऱ्या माणसाला त्याच्या फळीशी जोडणारी दोरी. भाचीची फळी साधी नाही. तिच्या पोटाखाली दोन-अडीच फुटांचा दांडा आहे आणि त्याच्या टोकाला लहानशा विमानासारखे पंख. वेग आला की पाण्यातले पंख फळीला वर उचलतात. फळी लाटेला न टेकता हवेत तरंगत जाते, पाण्यात उरतात ते फक्त दांडा आणि पंख. याला फॉइल म्हणतात. ती पडली, लाटेने फळी दूर ओढली, लीश ताणली गेली आणि मग तिने फळी परत खेचून आणली. पंखाची कड सरळ पोटरीत घुसली. जी दोरी सुरक्षेसाठी बांधली होती, तिनेच ही जखम केली.

मी नागपूरचा. इथून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर दूर. शिक्षण वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात संपले. विजेच्या मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसते तेव्हा वीस वर्षांपासून मी शेतातल्या आणि पाण्यावरच्या जुन्या अवजारांचे शब्द वहीत उतरवत आलो आहे. त्या वहीच्या बळावर अमेरिकेतल्या भाचीला सल्ला देणे म्हणजे जरा धाडसच होते. पण तिच्या प्रश्नाला माझ्याकडे एक जुने कारण होते, ते पुढे येईल.

*

आपल्या शेतकऱ्याच्या घरात नुसती ‘दोरी’ क्वचितच असायची. गुराच्या गळ्यात दावे, बैलाच्या नाकात वेसण, गाडीवानाच्या हातात कासरा, आणि ओझे बांधायला चऱ्हाट. मोटेला तर दोन दोर लागत. जाड नाडा पाण्याचा भार वर ओढी. बारीक सोंदूर मोटेची सोंड धरून ठेवी आणि थारोळ्याशी येताच ती खाली घेऊन पाणी सोडी. एका दोराचे काम धरण्याचे, दुसऱ्याचे वेळेवर सोडण्याचे. ज्याने ही जोडी पहिल्यांदा जुळवली, त्याला एक गोष्ट नक्की कळली होती : सोडणे हेही दोरीचे कामच आहे, तो तिचा बिघाड नव्हे.

दाव्यात एक लोखंडी कडी असे, भोवरकडी. गुरू खुंट्याभोवती कितीही फिरले तरी दाव्याला पीळ पडत नसे. आज कुठलीही चांगली लीश पाहा. तिच्या एका किंवा दोन्ही टोकांना हीच फिरती कडी बसवलेली दिसेल. फळी लाटेत गटांगळ्या खाते, दोरीला पीळ पडतो, आणि पीळ पडलेली दोरी पायात गुंतते. अडचण तीच, उपायही तोच.

पाण्याने आपल्या भाषेला तीन शब्द दिले, ते मला सगळ्यात मोलाचे वाटतात. पहिला, सांगड. दोन भोपळे, दोन ओंडके किंवा दोन होड्या एकमेकींना बांधून केलेला तराफा म्हणजे सांगड. ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आपण कागदावरच्या विषयांसाठी वापरतो, पण त्याच्या मुळाशी ओली दोरी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भारताच्या पूर्व किनाऱ्यावरच्या, लाकडे जोडून केलेल्या मोठ्या नावांना ‘संगारा’ म्हटले आहे. अभ्यासकांनी त्याचा संबंध संस्कृत ‘संघाट’ आणि मल्याळम ‘चंगाडम’ या शब्दांशी जोडला. हाच मल्याळम शब्द पोर्तुगीजांनी उचलला, आणि ब्राझीलचे कोळी आजही आपल्या तराफ्याला ‘जंगाडा’ म्हणतात. इंग्रजांनी तमिळमधून घेतलेल्या ‘कॅटमरान’चा अर्थही बांधलेली लाकडे एवढाच. पाण्यावर जायचे तर आधी बांधावे लागते, हे या सगळ्या शब्दांनी लक्षात ठेवले आहे.

दुसरा शब्द, कास. कमरेला आवळून खोचलेले वस्त्र. पोहता न येणारा माणूस पोहणाऱ्याची कास धरून नदी पार करी; म्हणून ‘कासेला लागणे’. संतांच्या वाणीत भवनदी ओलांडणारा भक्त देवाच्या कासेला लागतो, तो याच अनुभवातून. यात एक बारकावा आहे. कास कमरेला असते. बुडणाऱ्याने पोहणाऱ्याचा पाय धरला किंवा गळ्याला मिठी मारली तर दोघेही जातात. कमरेशी धरले तर पोहणाऱ्याचे हातपाय मोकळे राहतात. आणि धरलेली कास सोडताही येते.

तिसरा शब्द खरे तर जोडशब्द आहे : निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ म्हणजे सहजी न सुटणारी पक्की गाठ. सुरगाठ म्हणजे दोरीचे मोकळे टोक ओढताच सुटणारी. जिला आपण निष्काळजीपणे ‘कच्ची’ म्हणतो, ती ही. मी अकरा वर्षांचा असेपर्यंत मलाही ती कच्चीच वाटत होती.

*

आमचे आजोळ रामटेकच्या बाजूला. गावाला तलाव, आणि तलावात शिंगाडा. पूर्व विदर्भातल्या तलावांमध्ये धीवर समाज पिढ्यान्‌पिढ्या शिंगाडा लावत आला आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या १९१६च्या ग्रंथातही शिंगाडा लावणाऱ्या धीमरांची नोंद सापडते. तो ग्रंथ प्रसिद्ध झालेला पाहणे रसेलच्या नशिबी नव्हते. ३० डिसेंबर १९१५ रोजी भूमध्य समुद्रात ‘पर्शिया’ हे प्रवासी जहाज टॉर्पेडोने बुडाले, त्यात तो गेला.

शिंगाड्याची तोडणी आश्विन-कार्तिकात होते. म्हणून आमच्या दिवाळीच्या फराळाला उकडलेल्या शिंगाड्यांचा वास असे. तलावाचे काम पाहणाऱ्या धीवर गृहस्थांना आम्ही सगळे काका म्हणत असू. त्यांनीच आम्हा पोरांना विहिरीत पोहायला शिकवले. पाठीवर वाळका दुध्या भोपळा, कमरेला दोर, आणि दोराचे दुसरे टोक काठावर काकांच्या हातात. पोरगे घाबरले की दोर किंचित ताणायचा, पोहू लागले की सैल सोडायचा. तो दोर काकांनी कधी खुंट्याला बांधला नाही.

१९८१च्या दिवाळीत काकांचा मुलगा शिंगाडे तोडत होता. असेल सोळा-सतरा वर्षांचा. झाळून बंद केलेले तेलाचे दोन टिनाचे डबे बांबूने जोडून त्याने सांगड केली होती. वाऱ्याने सांगड निघून जाऊ नये म्हणून तो अंबाडीच्या दोराने ती कमरेला बांधे. त्या दिवशी त्याने मला म्हटले, “मागून बांध रे जरा.” मी बांधली. एकावर एक तीन गाठी मारल्या, दातांनी आवळल्या, आणि छाती फुगवून काठावर बसलो.

पाणी त्याच्या गळ्यापर्यंतच असेल. तो एका बाजूला वाकला, घसरला. वाऱ्याने सांगड वेलींच्या जाळीपलीकडे ढकलली आणि दोर ताणला गेला. पाय वेलींत अडकले. गाठ पाठीवर, हात पोचेना. पोचला तरी ती सुटणारी नव्हती. काका डोंगा घेऊन पोचले आणि त्यांनी विळ्याने दोर कापला. किती वेळ गेला ते कोणी मोजले नाही. काठावर तो पालथा पडून खोकत होता आणि कमरेला राहिलेला दोर तेव्हाही कोणाला सोडवेना. अंबाडी पाण्याने फुगते आणि गाठ आणखी घट्ट बसते, हे मला नंतर कळले. तो तुकडाही विळ्यानेच कापावा लागला.

मला कोणी रागावले नाही. संध्याकाळी काकांनी मला ओट्यावर बोलावले, हातात दोर दिला आणि म्हणाले, “बाबू, गाठ बांधनं सोपं हाय. सोडनं आधी शिक.” त्यांनी सुरगाठ दाखवली, पोटाशी बांधायची, पाठीशी नाही. तिच्या मोकळ्या टोकाला ते वाळक्या भोपळ्याचा तुकडा ओवत. टोक पाण्यात वर तरंगते, घाबरलेल्या हाताला लगेच सापडते. दिवे गेल्यावर अंधारात, डोळे मिटून मी ती गाठ शंभरदा तरी बांधली आणि सोडली.

माझ्या चुका तीन होत्या : गाठीची जागा, गाठीचा प्रकार आणि दोराचा जिन्नस. भाचीचा फोन आला तेव्हा याच तीन चुका डोळ्यांपुढे आल्या. मग मी लीशचा इतिहास वाचायला बसलो.

*

भाचीचे सांताक्रूझ या कथेत पुन्हा पुन्हा येते. १८८५मध्ये हवाईच्या तीन राजपुत्रांनी तिथल्या सॅन लोरेंझो नदीच्या मुखाशी रेडवुडच्या फळ्यांवर लाटा खेळून दाखवल्या; अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची ही पहिली नोंद मानतात. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे स्वार आणि फळी यांच्यात सर्वमान्य अशी दोरी नव्हती. पडलात, तर फळीमागे किनाऱ्यापर्यंत पोहत जा. मध्येच ती खडकावर फुटली किंवा कोणाच्या डोक्यावर आदळली तर नशीब. जुन्या लोकांना हे योग्यच वाटे. त्यामुळे माणूस पोहायला शिकतो, असे ते म्हणत.

याच गावात वेटसूटचा व्यवसाय वाढवणारे जॅक ओनील राहत. १९७१च्या सुमारास त्यांचा मुलगा पॅट याने शस्त्रक्रियेत वापरतात तसली रबरी नळी घेऊन फळी स्वतःला बांधली. मालिबूच्या स्पर्धेत लोक त्याला हसले. नवशिक्याची दोरी, असे तिचे नाव पडले. हसण्यापेक्षा गंभीर गोष्ट पुढे घडली. त्या रबरी नळीच्या हिसक्याने फळी उलट आली आणि जॅक ओनील यांचा डावा डोळा गेला. त्यांच्या चेहऱ्यावरची काळी पट्टी पुढे त्यांच्या कंपनीची ओळख झाली. २०१७मध्ये ते गेले, तोवर लीश जगभरच्या किनाऱ्यांवर रोजची वस्तू झाली होती.

दोष कुठे होता? रॉबर्ट हुकने १६७८मध्ये लिहून ठेवले होते की ताणलेली वस्तू ताणाच्या प्रमाणात मागे ओढते. त्यात साठणारी ऊर्जा मात्र ताणाच्या वर्गाने वाढते : दुप्पट ताणले तर चौपट. रबर खूप ताणते, म्हणून खूप साठवते आणि सगळे एकदम परत करते. तो दोर नव्हता, ती बेचकी होती. पुढच्या काळात रबरी नळीची जागा युरेथेनच्या भरीव दोरीने घेतली. ती थोडी ताणते, म्हणून झटका सोसते. फार ताणत नाही, म्हणून फळी तेवढ्या जोराने परत येत नाही. फळीच्या कडेला दोरी कापू नये म्हणून तिथे रुंद पट्टी आली, पीळ जावा म्हणून फिरती कडी आली, घोट्याला वेल्क्रोचा पट्टा आला. यातली प्रत्येक सुधारणा कुठल्या ना कुठल्या दुखापतीच्या किंवा नुकसानीच्या पाठोपाठ आलेली आहे. रबराची चूक ही माझ्या अंबाडीची चूक होती : जिन्नस निवडताना तो पाण्यात आणि ताणात कसा वागेल, हे विचारले गेले नव्हते.

*

मग फॉइल आले आणि हिशेब पुन्हा बदलला. पाण्यातले पंख ही कल्पना जुनी. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६मध्ये माज्जोरे सरोवरावर अशी नाव चालवली. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि केसी बाल्डविन यांच्या नावेने १९१९मध्ये कॅनडात ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला. लाटेवरच्या फळीला हे पंख लावून लेअर्ड हॅमिल्टन याने मोठ्या लाटा घेतल्या. २००३च्या ‘स्टेप इनटू लिक्विड’ या माहितीपटाने ते जगाला दाखवले. त्या वेळी स्वाराचे पाय जाड बुटांनी फळीला जखडलेले असत. लीशची गरजच नव्हती, आणि सुटकाही सोपी नव्हती. ती निरगाठच होती. २०१६च्या सुमारास काय लेनीसारख्या स्वारांनी पाय मोकळे ठेवून फॉइल चालवले, खेळ सर्वांच्या आवाक्यात आला, आणि प्रश्न पुन्हा उभा राहिला : फळी धरायची कशाने?

साध्या फळीची लीश इथे तीन प्रकारे फसते. फळी पाण्यापासून हात-दीड हात वर गेलेली असते, तेव्हा घोट्याची लांब लीश पाण्यात लोंबते, फरफटते आणि वेग खाते. तीच सैल दोरी दांड्याला किंवा पंखाला वेटोळे घालू शकते. आणि पडल्यावर ताणलेली दोरी गुळगुळीत फळीऐवजी धारदार पंख आपल्याकडे ओढून आणते. लीश काढून टाकावी म्हटले, तर दुसरे संकट. किनाऱ्यापासून दूर, वाऱ्याच्या दिशेने जाणाऱ्याची फळी एकदा सुटली की पोहून ती गाठणे कठीण. माणूस भर समुद्रात एकटा राहतो. गर्दीत सुटलेले फॉइल दुसऱ्याच्या अंगावर जाते, ते वेगळेच. तेव्हा बांधायचे की नाही हा वाद संपतो. कुठे, कशाने आणि कसे सुटेल असे, एवढेच उरते.

मी वहीत तिच्यासाठी टिपण केले. जागा : शक्यतो कंबर, घोटा नव्हे. कमरेच्या पट्ट्यामुळे दोरी पायांपासून आणि पाण्यापासून दूर राहते. ही आपली कासच. दोरीचा घाट : वाऱ्याबरोबर लांब जायचे असेल तर गुंडाळीची, टेलिफोनच्या वायरीसारखी लीश, कारण ती फळीवरच राहते, फरफटत नाही. फुटणाऱ्या लाटांत मात्र गुंडाळी झटक्याने आखडते आणि गुंतते. तिथे सरळ, कमी ताणणारी आणि पडल्यावर पंख पोचणार नाहीत एवढी लांब दोरी बरी. जाडी : जाड दोरी बळकट, पण पाण्याला अडते, आपल्या वजनाला आणि लाटेला पुरेल इतकीच घ्यावी. भोवरकडी दोन्ही टोकांना. वापरानंतर गोड्या पाण्याने धुवावी, उन्हात टाकू नये. चीर किंवा खाच दिसली, विशेषतः पट्ट्याजवळ, तर जोडत बसू नये, बदलावी.

आणि शेवटची अट, मी दोनदा अधोरेखित केलेली : पट्टा एका ओढीत सुटला पाहिजे. सुटण्याची मूठ पोटाशी हवी, डाव्या हातालाही सापडणारी. दुकानात उभे राहून नव्हे, पाण्यात पडून, डोळे मिटून ती सोडून पाहिल्याशिवाय लीश विकत घेतली असे समजू नये.

हा माझा एकट्याचा हट्ट नाही. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी वेल्समधल्या हॅव्हरफोर्डवेस्ट इथे उभ्याने वल्हवण्याच्या फळ्यांवर निघालेला एक गट पूर आलेल्या नदीतल्या बांधावरून खाली गेला. चार जण दगावले. नंतरच्या सरकारी चौकशीत इतर अनेक त्रुटींबरोबर लीशचाही मुद्दा आला. वाहत्या पाण्यात घोट्याची लीश धोक्याची. कमरेची आणि झटक्यात सुटणारीच हवी. पुराच्या पाण्यात उतरणाऱ्या बचावपथकांना हाच धडा देतात : बचाव करणाऱ्याच्या अंगाला दोर कधीही पक्क्या गाठीने बांधू नये. प्रवाह दोराला ताणतो आणि ताणलेला दोर माणसाला पाण्याखाली दाबतो. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि बोटीतून माणसे काढावी लागली, तेव्हा समुद्र नसलेल्या आम्हा नागपूरकरांनाही वाहते पाणी म्हणजे काय ते कळले. तेव्हा सुरगाठ हा फक्त समुद्रावरच्या हौशी लोकांचा विषय राहत नाही.

*

दोरीचा इतिहास आपण बळाचा इतिहास म्हणून वाचतो : काथ्यानंतर ताग, तागानंतर नायलॉन, पुढे युरेथेन, प्रत्येक पुढची आधीपेक्षा पक्की. वहीतली पाने उलटताना मला तो अर्धाच वाटला. उरलेला अर्धा इतिहास सोंदुराचा, भोवरकडीचा, कासेचा आणि सुरगाठीचा आहे. किती धरते, हे पहिल्या दिवशी कळते. कधी सोडते, हे कळायला कोणाचा तरी डोळा जातो, कोणाच्या पोटरीला टाके पडतात, कोणाचा मुलगा काठावर पालथा पडतो. आपल्या भाषेने तर या दोन गाठींना दोन वेगळी नावे देऊन ठेवली होती. ‘कच्ची’ म्हणून एकीला कमी लेखले ते आपण.

काका आता नाहीत. त्यांचा मुलगा आहे. साठीला आला आहे. दरवर्षी दिवाळीच्या आठवड्यात तो आमच्याकडे शिंगाड्यांची पिशवी घेऊन येतो. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघे कधीच बोललो नव्हतो. या वेळी मी भाचीची हकीकत सांगितली आणि ओघात म्हणालो, “ती गाठ मी बांधली होती.” तो शिंगाडा सोलत होता. म्हणाला, “माहीत हाय ना. मीच तर सांगतलं होतं, मागून बांध म्हनून.”

भाचीने कमरेची लीश घेतली. सुटण्याच्या मुठीला तिने बाटलीचे बूच ओवले आहे. मी तिला भोपळ्याचा तुकडा सांगितला होता. तो तिथे मिळाला नाही. थंड पाण्यात हातमोज्यांतूनही बूच लगेच हाताला लागते, असे तिने कळवले आहे. मी विचारले, किती वेळा सोडून पाहिलीस? ती म्हणाली, दहा-बारा वेळा.

मी म्हटले, “शंभर कर.”